कव्हा तलावाचा गाळ

गुंजनने तलावाच्या तळातून काढलेल्या गाळाची, उभी चिरलेली नळी फळीवर आडवी धरली आणि बारीक तार गाळातून सरळ ओढत नेली. साबणाची वडी दोऱ्याने कापावी तसा तो काळा दांडा उभा दुभंगला. दोन्ही अर्धुकं तिने प्लास्टिकच्या कागदावर शेजारी शेजारी ठेवली, मनगटाने कपाळाचा घाम पुसला आणि मला जवळ बोलावलं.

"ताई, ये देखो. तुमचे गणपती."

मी वाकून पाहिलं. वरचा वीतभर गाळ नुसता काळपट राखाडी होता. त्याखाली एकदम मूर्तींच्या आत भरतात त्या पेंढ्याच्या काड्या सुरू होत होत्या, कुजलेल्या पण ओळखू येणाऱ्या, आणि त्यांना चिकटून रंगाचे कण होते. लाल, निळे, आणि सगळ्यांत जास्त पिवळे. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही तो पिवळा उजळ होता.

गुंजन भिलाईतल्याच हुडको वसाहतीतली मुलगी. रायपूरला विद्यापीठात संशोधन करते. घरात मराठी, घराबाहेर हिंदी आणि माझ्याशी दोन्हींची सरमिसळ. मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते तिथे ती भिलाईचे जुने नकाशे शोधत आली होती, तेव्हापासून आमची ओळख. तिच्या मार्गदर्शक बाईंनी पूर्वी समुद्रकाठी काम केलं होतं. नदी जिथे खाडीत उतरते तिथला गाळ काढून, वर कुठे कुठे खाणी चालल्या, कोणत्या काळात कोणता कारखाना काय सोडत होता, हे त्यांनी थराथरातून वाचलं होतं. आमच्याकडे समुद्र नाही, पण तलाव आहेत. पाणी वाहत येतं, तलावात थांबतं आणि जे घेऊन आलं ते तळाशी ठेवून देतं, एका वर्षावर दुसरं वर्ष. हथखोजच्या कारखान्यांकडून येणारा नाला आमच्या कव्हा तलावात उतरतो, म्हणून तिने हा तलाव निवडला होता. काठावर अर्जुनाची झाडं आहेत, त्यांना इकडे कव्हा म्हणतात.

थरांची वर्षं तिला प्रयोगशाळेत काढता येणार होती, पण पडताळ्यासाठी एक पक्की खूण हवी होती. तलावात मूर्ती शिरवणं, म्हणजे विसर्जन, कधी बंद झालं?

ते मला सांगता येत होतं, आणि सांगताना आवाजात जरा अभिमानही आला असेल. ते माझ्या बाबांनी बंद केलं होतं.

"वाह," गुंजन म्हणाली. "लोक मानले? हमारे यहाँ तो डीजे बंद होत नाही."

लोकांनी ऐकलं त्याला कारण होतं. मूर्ती बंद झाल्या त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तलावातले मासे उलटे होऊन तरंगले. त्याच्या आधीपासूनच काठावरच्या बायकांच्या पायांना, बोटांच्या बेचक्यांत फोड येत होते आणि भरता भरत नव्हते. नाला हथखोजकडून येतो हे सगळ्यांना दिसत होतं. मोर्चा काढायचं ठरलं. माझे बाबा, देवीदास, तेव्हा तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होते. लोखंडी दांड्यांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवणारा लहानसा कारखाना, आता बंद पडलेला. शिवाय बाबा तलाव समितीचे अध्यक्षही होते. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना झाडांखाली बसवलं आणि वर्तमानपत्राचं कात्रण वाचून दाखवलं. मूर्तींच्या रंगांत विषारी धातू असतात, त्यांनी मासे मरतात, माणसांची कातडी जाते. "कारखान्यावर दगड उचलायच्या आधी आपन आपल्या हाताकडं पाहू," असं ते म्हणाले होते. ते वाक्य पुढे कित्येक वर्षं लोक एकमेकांना सांगत.

त्या सभेत भैयालालकाका पुढेच बसले होते.

भैयालालकाका आणि बाबा एकाच गावचे, तुमसरकडचे. बाबा कुणब्याचे, काका कुंभाराचे. दोघं एकाच गाडीतून भिलाईला उतरले. बाबा कारखान्यात लागले आणि काकांनी तलावाकाठी जागा धरून मूर्ती करायला सुरुवात केली. हुडकोतले, स्मृती नगरातले मोठे मोठे गणपती आणि दुर्गा त्यांच्या हातचे असत. त्यांचा पिवळा रंग प्रसिद्ध होता. दुर्गेच्या चेहऱ्यावर तो रंग चढला की लांबून दिवा लागल्यासारखा दिसे.

बाबांचं बोलणं संपल्यावर काका उठून घरी गेले. परत आले ते हातगाडी घेऊन. गाडीवर चेहऱ्यांचे साचे होते, वीस-बावीस वर्षं जमवलेले. सगळ्यांसमोर त्यांनी ते एकेक करून फोडले. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. बाबांनी शेवटी त्यांचा हात धरून थांबवलं तेव्हा फोडण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

मोर्चा निघाला नाही. त्या वर्षापासून लोक मूर्ती दूरच्या सिमेंटच्या कुंडात शिरवू लागले. बाबांना वॉर्डात शाल-श्रीफळ मिळालं. काका स्मृती नगरातल्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले आणि त्यांनी परत कधी रंगाला हात लावला नाही. नंतर तीनेक वर्षांनी तारामावशी, काकांची बायको, गेली. आधी हातापायांचे व्रण, मग मूत्रपिंडं. तारामावशी मूर्तींच्या दिवसांत काकांचे ब्रश आणि वाट्या तलावावर धुवायची. त्यामुळे ती कशाने गेली याबद्दल मोहल्ल्यात कोणाला शंका नव्हती, काकांना तर नव्हतीच.

बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. वॉर्डाने तलावाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. काठाने फरशी, बाक, आणि मधोमध अर्धपुतळा. तो कोणाकडून करून घ्यायचा याची चर्चा चालली असताना भैयालालकाका स्वतःहून पार्षदाकडे, म्हणजे वॉर्डाच्या नगरसेवकाकडे, गेले. मी मातीत करून देतो, म्हणाले, मग तुम्ही सिमेंटात ओता. फक्त रंग द्यायचा नाही.

*

निकाल घेऊन गुंजन ग्रंथालयात आली ती मे महिन्याच्या सुरुवातीला. पुतळा ओतायला न्यायला तेव्हा थोडेच दिवस राहिले होते. वाचनकक्षात परीक्षेची मुलं होती, म्हणून आम्ही मागच्या बांधणीच्या खोलीत बसलो. तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेघा होत्या.

ती समजावत गेली तसं मला कळत गेलं. पिवळ्या रंगात दोन धातू असतात, शिसं आणि क्रोमियम. जोडीनेच येतात, कारण ते एकाच पदार्थात बांधलेले असतात. पेंढ्याच्या थरात दोन्ही होते, जोडीने आणि थोडे. विसर्जन बंद झालं त्या वर्षानंतर शिशाची रेघ खाली आली आणि सपाट झाली. क्रोमियमची रेघ मात्र वर गेली. पुढची सहा-सात वर्षं ती एकटीच वर वर चढत गेली, आणि मग एका वर्षी कडा तुटावा तशी खाली आली.

"मतलब, मूर्ती बंद केल्यावर जास्त वाढलं," गुंजन म्हणाली. "रंग नाही आहे हा. रंग असता तर शिसंही वाढलं असतं. आणि मासे मेले ना, जिस साल तुम बोली? तेव्हाच चढायला सुरुवात झाली होती. ताई, उधर कोई प्लेटिंगवाला था क्या? क्रोम चढवणारा?"

बाहेर कोणीतरी खुर्ची ओढली. मी त्या खाली आलेल्या रेघेकडे पाहत होते. तो कारखाना ज्या वर्षी बंद पडला ते वर्ष मला ठाऊक होतं, कारण त्याच वर्षी बाबा घरी बसले आणि आम्ही दोघं दर रविवारी दुर्गच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायला लागलो. मी निवडत असे, ते पिशवी धरून उभे राहत. घरी आल्यावर प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालत. माझ्याकडच्या निम्म्या पुस्तकांना आजही त्यांच्या हातचं खाकी कव्हर आहे.

"होता," मी म्हटलं.

गुंजनने ते लिहून घेतलं. तिला आणखी काही विचारायचं होतं, पण माझ्याकडे पाहून तिने लॅपटॉप मिटला आणि चहा पिऊ या म्हणाली.

*

आई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. सरळ विचारलं असतं तर तिने पदर डोळ्यांना लावला असता आणि बोलणं संपलं असतं. म्हणून मी विचारलं, तारामावशी तलावातले शिंगाडे आणायची ते आठवतं का.

"आनत जाय ना," आई म्हणाली. "भरून ताट आनत जाय बिचारी. कधी मासे."

"आपन कधी खाल्ले?"

"तुह्या बाबाले आवडत नोते."

"बाबा दुर्गच्या बाजारातून शिंगाडे आनत, आई. उकडून देत आमाले."

तिचे हात थांबले नाहीत, पण निवडलेली आणि न निवडलेली डाळ तिने एकाच बाजूला लोटली. मग सूप खाली ठेवून ती बोलू लागली.

आम्ही तलावाकाठचं घर सोडून स्मृती नगरात राहायला गेलो ते बाबांना बढती मिळाली म्हणून, असं मी आजवर समजत होते. आईने सांगितलं, बढती नंतर मिळाली. कारखान्यातलं वापरलेलं पाणी साठवायची टाकी भरली, आणि पाऊस लागला की टँकर नाल्यात रिकामा करायला लागले, त्या पावसाळ्यात आम्ही घर सोडलं. कोणत्या पावसात टँकर काढायचा हे बाबाच सांगत. मालकाला त्यातलं काही कळत नव्हतं. तलावाचं पाणी, तलावाकाठची भाजी, मासे, शिंगाडे, काही घरात आणायचं नाही असं बाबांनी आईला बजावलं होतं. कारण कोणाला सांगायचं नाही, हेही.

"तिचं ताट इथं आलं का थे हसत घेत," आई म्हणाली. "वयनी, मस्त आहेत बरं शिंगाडे, म्हनत. ती गेली का मले म्हनत, मागच्या नालीत टाक अन् हात साबनानं धू. मंग मी ताट घासो अन् साखर घालून वापस पाठवो. रिकामं ताट कसं देवाव कोनाले?"

मी विचारलं, ते मूर्तींचं बोलणं मालकाने शिकवलं होतं का. मला वाटतं, तिने हो म्हणावं अशी माझी इच्छा होती. मालकाने दबाव आणला, नोकरीचा प्रश्न होता, बाबांचा नाइलाज झाला. तेवढ्यावर मी जगले असते.

आईने मान हलवली. "मालकाले त काहीच सुचत नोतं. मोर्चा येनार म्हनून थो पळाच्या तयारीत होता. थे तुह्या बाबाच्याच डोक्यातलं. इथीच बसून पेपर वाचत होते. वाचता वाचता हसले. म्हने, रुक्मा, सुटलो."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "अन् खोटं थोडी होतं थे. रंगात जहर असते म्हनून पेपरातच छापलं होतं."

"भैयालालकाकानं साचे फोडले तेव्हा?"

"त्या दिवशी जेवले नाही थे," आई म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

मला राग आला तो टँकरचा नाही. कारखान्यांत काय चालतं हे मी वाचत आले आहे. माझ्या डोळ्यांसमोर ते साखर घातलेलं ताट येत होतं. आम्ही वाचलो होतो. आम्हाला नीट विचार करून, वेळेवर, हसतमुखाने वाचवलं होतं, आणि ज्यांच्यापासून हे लपवायचं होतं त्यांच्याकडून दर वेळी वाढून आलेलं आम्ही नालीत टाकत होतो. बाबांनी मला खोटं बोलू नये हे शिकवलं, ते बहुधा खरंच मनापासून शिकवलं. ते शिकवत होते त्या घराच्या मागच्या नालीत शिंगाडे पडलेले होते.

प्रवीणचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन त्या संध्याकाळी आला. आईनेच त्याला सांगितलं असावं. तो ओरडला नाही. समजुतीच्या सुरात बोलत राहिला. नावाचा दगड कोरून आलेला आहे, पार्षदाने लोकांना बोलावलं आहे. बाबा गेले, कारखाना गेला, आता खटला कोणावर चालवणार आहेस? गुंजनचं संशोधन छापून येईल, पण त्यात कोणाचं नाव नसणार. मग म्हणाला, "अन् भैयालालकाका सत्तरीचे झाले, ताई. त्यायचा एकच दोस्त होता. तो बी तू काढून घेशील काय त्यायच्यापासून?"

मी दोन दिवस तोच प्रश्न घेऊन फिरले. काकांना सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरचं तारामावशीचं ओझं उतरेल आणि बाबा जातील. नाही सांगितलं तर बाबा राहतील, तलावाकाठी, काकांच्याच हातचे.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांची ड्यूटी संध्याकाळची असते. अंगणात पत्र्याची सावली होती आणि सावलीच्या बाहेर ऊन पांढरं झालं होतं. काकांनी मला पाहून बाज सरकवली आणि मडक्यातलं पाणी दिलं.

"बरी आलीस, बाई. डोये तेवढे राहिले. तूच सांग बरोबर हायेत का नाही."

त्यांनी पाटावरच्या पुतळ्यावरचं ओलं पोतं काढलं. मातीचं काम पुरं होईस्तोवर ते ओलं ठेवावं लागतं, विशेषतः वैशाखात. दिवसातून चारदा पोतं भिजवायचं, पिळायचं, पांघरायचं. एकदा चुकलं तर भेगा पडतात आणि मग ते सांधत नाही.

पोत्याखाली बाबा होते.

बाबांची मान जरा डावीकडे कललेली असे, तशी होती. खालचा ओठ वाचताना पुढे यायचा, तसा आला होता. फोटो पाहून असं येत नाही.

"नाकानं लय तरास देल्ला," काका म्हणाले. "अर्धी माती तर तुह्या बापाच्या नाकालेच लागली. जिवंत होता तवा म्हनो मी त्याले, देवीदास, तुहं नाक आधी पोचते कारखान्यात, तू मागून येतं."

मी हसले. त्यांनाही बरं वाटलं. ते पाटासमोर उकिडवे बसले आणि लाकडी कोरणीने पापणीच्या कडेची माती काढू लागले. हात थरथरत होता, पण मातीला टेकला की थांबत होता. मूर्ती सोडल्यानंतर पहिल्यांदाच मातीला बसलो, म्हणाले. देवीदाससाठी नसतं तर बसलो नसतो.

"तारा गेली तवा साऱ्या मोहल्ल्यानं तोंड फिरवलं होतं," ते काम करता करता बोलत होते. "तोंडावर कोनी म्हनत नोतं, पन समजते मानसाले. रंगवाल्यानं बायको खाल्ली. मी तर तिच्या पायावर पडलो, दवाखान्यात, ती जाऊन रायली होती तवा. म्हटलं, माह्या रंगानं तुले खाल्लं वो, माफ कर. तिले समजलं का नाही, काय मालूम. तुहा बाप तिथीच उभा होता. त्यानंच मले उचललं. पानी पाजलं. एका शब्दानं दोष नाही देल्ला त्यानं मले, कधीच."

कोरणी पापणीवरून फिरत होती. मी आणखी थांबले असते तर डोळे पूर्ण झाले असते. मला बाबा माझ्याकडे पाहत असताना बोलता आलं नसतं.

मी सांगितलं. गुंजनची नळी, पेंढ्याचा थर, दोन रेघा. शिसं खाली आलं आणि दुसरं वर गेलं. टँकर, पाऊस, नाला. सगळं सांगायला वेळ लागला नाही. काकांनी मध्येच कोरणी खाली ठेवली होती. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पुतळ्याकडेही नाही. त्यांची नजर अंगणाच्या दाराकडे होती, जणू कोणी येणार आहे.

"म्हंजे माह्या रंगात नोतंच काही?"

"होतं, काका. थोडं होतं. मूर्ती बंद झाल्या अन् थे दोन वर्सांत संपलं. नाल्यातून आलं थे त्याच्या कितीतरी पट होतं."

"अन् तारा?"

"तारामावशी कशानं गेली थे गाळ नाही सांगत. पन तुमच्या रंगानं गेली असं आता कोनीच म्हनू शकत नाही. तुमी बी नाही."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तळव्यांवरची माती सुकून पांढरी होऊ लागली होती. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. मला वाटलं ते रडतील. मला वाटलं ते मला जा म्हणतील. त्यांनी अगदी साध्या आवाजात, पत्ता विचारावा तसं विचारलं, "देवीदासले मालूम होतं?"

प्रवीणचं वाक्य माझ्या कानात होतं. नाही म्हणणं सोपं होतं. मालकाने केलं, काका, बाबांना नंतर कळलं. एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. त्यांना ठेवायचाच होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आमच्या दोघांमध्ये पाटावर बाबांचं डोकं होतं, मान डावीकडे कललेली, ऐकत असल्यासारखी.

"हो, काका," मी म्हटलं. "मालूम होतं."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

"म्हनून रडत होता थो," ते म्हणाले. "शेवटी, जायच्या आधी, माहा हात धरून. मले वाटलं गाव आठवलं त्याले."

ते उठले. कोरणी पाण्यात धुतली, फडक्याने पुसली, कोनाड्यात ठेवली. हात धुतले. बादलीत पोतं बुडवलं, दोन्ही हातांनी पिळलं आणि सवयीने झटकून पुतळ्यासमोर पसरून धरलं. तसेच उभे राहिले. पोत्यातून पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं. मग ते वळले आणि त्यांनी ते पोतं उन्हातल्या दोरीवर वाळत टाकलं. दोन्ही टोकं सारखी केली.

आत जाऊन ते वॉचमनचा निळा शर्ट घालून आले. ड्यूटीला अजून वेळ होता. तरीही त्यांनी गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली, टोपी काखेत घेतली आणि सायकल दाराकडे वळवली.

"जाताना कडी लाव, बाई," ते म्हणाले. "कुत्रं शिरते."

सायकलचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. मी बाजेवर बसून राहिले. ऊन पत्र्याच्या कडेवरून आत सरकलं आणि पाटापर्यंत आलं. बाबांच्या कपाळावरची ओल कडेने फिकी व्हायला लागली. आधी केसांच्या रेषेशी, मग भुवईवर. बादली माझ्या हाताशी होती आणि तिच्यात पाणी होतं. मी उठले, दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली आणि घरी निघाले.